जोडाखालचा फुटवा

१

सकाळी पहिलं काम पाणी. विसरवाडीच्या पुढे हायवेला लागून आमची नर्सरी आहे. समोरून सुरतचे ट्रक जातात, त्यांची धूळ पानांवर बसते. ती आधी धुवायची, मग पिशव्यांना पाणी, मग मागच्या जुन्या आंब्याभोवती बांधलेल्या बांबूच्या माचाणावर चढून कलमांना पाणी. कृषी पदविका मी दुसऱ्या वर्षी सोडली. तिथले सर पुस्तक वाचून दाखवायचे आणि प्रश्न विचारला की म्हणायचे, फार शहाणा लागून गेलास का? घरी आलो तर इथेही तेच, फक्त पुस्तक नव्हतं. रमिलामाय होती.

रमिलाबाई म्हणजे आबांची मावशी. सगळा परिसर तिला रमिलामाय म्हणतो. नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांपासून शाळेच्या हेडमास्तरांपर्यंत सगळे तिला विचारायला येतात. शेवंतीचे शेंडे कधी खुडायचे, गुलाब कधी छाटायचा, लिंबाला फळ का धरत नाही. ती आंब्याखालच्या खाटेवर बसून सांगते. माणूस सल्ल्याला येतो आणि जाताना रोप घेऊन जातो. म्हणून आबा, म्हणजे माझा बाप ईश्वर, तिच्यापुढे मान वर करत नाही. मोठ्या माणसांना बोलायला दिलं की ती देवमाणसं होतात, हे मी लहानपणापासून बघतोय.

आंब्याचं ती भेट कलमच करते. माहीत नसेल त्याच्यासाठी सांगतो. पिशवीतलं कोयीचं कोवळं रोप जुन्या झाडाच्या फांदीशी नेऊन टेकवायचं. दोघांची जाडी सारखी पाहिजे. ती अंगठा फिरवून बघते. दोघांची साल समोरासमोर तासायची, जखमेला जखम लावायची आणि बांधून टाकायचं. प्लास्टिकची पट्टी तिला चालत नाही, केळीचं सोपट, म्हणजे खोडाची वाळकी साल, लागतं आणि वरून शेणमातीचा लेप. आषाढात बांधलं की नवरात्रापर्यंत दोघांचा जीव एक होतो. मग रोपाचा शेंडा जोडाच्या वर छाटायचा. शेवटी जुनी फांदी जोडाच्या खालून कापली की कलम सुटं झालं. खाली मुळं तरुणाची, वर डोकं म्हाताऱ्याचं. फळ म्हाताऱ्याचंच लागतं.

"आन फुटवा?" ती मला दरवर्षी विचारते.

"जोडाच्या खालून आला तर खुडायचा."

"कसाले?"

"तो कोयीचा असतो म्हणून."

"हां. रोप डोकं वर काढस. काढू द्यानं नही."

मला ही पद्धत आमच्या घराची वाटायची.

यंदा आषाढात ती माचाणाखालच्या चिखलात घसरली. हाड मोडलं नाही, डावा पाय मात्र फरफटायला लागला. आबांनी ठरवून टाकलं, रिनाने तिच्याजवळ बसायचं. रिना माझी धाकटी बहीण. आमची सख्खी माय वारल्यापासून आमच्या घराला तीच घर ठेवत होती, आणि तिचा नंदुरबारला नर्सिंगला नंबर लागला होता. नवरात्रात हजर व्हायचं होतं. निळी बॅग आणून झाली होती. रोज संध्याकाळी ती बॅग उघडून बघायची आणि परत चेन लावायची. एवढी मोठी झाली तरी हायवे ओलांडताना माझी करंगळी धरायची, आणि कोणी बघितलं की सोडायची.

"तवलोंग बठी ती मायजवळ," आबा म्हणाले. "तिले दुसरं काय काम शे?"

रमिलामायने रिनाचा हात ओढून मांडीवर घेतला. मनगटाच्या वर अंगठा फिरवला, एकदा वर, एकदा खाली.

"बराबर शे," म्हणाली.

२

बांधलेलं मी पहिल्यांदा श्रावणात पाहिलं. दोघी खाटेवर एकमेकींना लागून बसलेल्या, हातांना हात लावलेले, आणि कोपराच्या खाली केळीचं सोपट गुंडाळलेलं. वरून लेपसुद्धा होता.

"हाई काय नाटक लायं?" मी विचारलं.

रिना हसली. "दादा, ती उठनी का माले समजाले नको का? मागला येळे एकलीच गई आन पडनी."

"मग दोरी बांधा. शेण कसाले?"

"गुलाबना काटा लागना व्हता दोन्हीसले. मायनी म्हने लेप लाव, सुकी जाई."

दोघींना एकाच जागी गुलाबाचा काटा. माझ्या डोक्यात तेव्हाच काहीतरी हललं, पण मी स्वतःलाच म्हटलं, अरे, एकाच वाफ्यात काम करतात, लागला असेल. "खाजस का?" एवढंच विचारलं.

"पयले खाजवे. आते काहीच नही."

गिऱ्हाइकांना मात्र भारी कौतुक. "अशी सेवा आजकाल कोण करतं हो," म्हणायचे आणि फोटो काढायचे. एका हेडमास्तराने तर माझ्याकडे बघून म्हटलं, "शिका काहीतरी." त्याने विकत घेतलेल्या जास्वंदीवर मावा कीड दिसत होती, ती मी सांगितली नाही.

त्याच आठवड्यात प्रिस्किला सिस्टर आल्या. नवापूरच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. रिनाने नर्सिंगचं खूळ यांच्याकडूनच घेतलं होतं. सिस्टरांच्या गुलाबाची पानं पिवळी पडत होती, शिरा तेवढ्या हिरव्या राहत होत्या.

"रमिलामाय, काय करू? खत घातलं, पाणी कमी केलं."

रमिलामायने तोंड उघडलं. तिचे ओठ नुसते हलले. बोलली रिना.

"खतनं काय करशी प्रिस्किला? तुन्हा सासरानी घर बांधं तधळ चुनाना खड्डा तठेच करेल व्हता. ती मातीच चुनानी शे. झाड तठून काढ, दुसरीकडे लाव."

सिस्टर हसायला गेल्या आणि अर्ध्यात थांबल्या. रिनाने त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती. 'सिस्टर' आणि 'तुम्ही' याशिवाय तिच्या तोंडून शब्द निघत नसे.

"तो खड्डा माझ्या लग्नाआधीचा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "हिला कोणी सांगितलं?"

"मायनी सांगं असेल," मी म्हटलं.

"हो. सांगितलंच असेल." त्यांनी रिनाकडे बघितलं. रिना तेव्हा नेहमीसारखं ओशाळून हसत होती. "सिस्टर, चहा घेणार ना?" तिने विचारलं. जणू मधलं कोणी बोललंच नव्हतं.

३

स्वयंपाक माझ्याकडे आला होता, म्हणून मला कळलं. म्हातारी जेवत नव्हती.

मी दोन ताटं नेऊन ठेवायचो. रिना आपलं ताट संपवायची, मग म्हातारीचं ओढायची. भाकरी, कळण्याची, नागलीची, जे असेल ते. चटणीसुद्धा बोटाने पुसून खायची. आधी ही पोरगी अर्धी भाकर ताटात ठेवून उठायची, त्यावरून माझी बोलणी खायची.

"माय काय खास?" मी विचारलं.

"तिले भूक नही."

एवढं खाऊन रिनाच्या गालाची हाडं वर आली. गळ्याखाली खळगे पडले. आणि पलीकडे, चूळसुद्धा न भरलेल्या म्हातारीच्या चेहऱ्यावर तेज. नखं गुलाबी. भांगाशी, पांढऱ्या केसांच्या मुळाशी, काळी रेघ निघालेली. मी स्वतःशी भांडलो. जंत असतील. रक्त कमी असेल. म्हातारी लपून खात असेल, म्हाताऱ्या खातात. काळी रेघ? कलप लावला असेल. कोणी? हात तर बांधलेला.

मी सिस्टरांना फोन लावला. त्या झेंडूच्या रोपांचं निमित्त करून आल्या. खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या, रिनाच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, मोकळ्या हाताची नाडी धरली. घड्याळाकडे बघत राहिल्या. मग म्हातारीची धरली. मग एका हाताने रिनाची आणि दुसऱ्या हाताने म्हातारीची, दोन्ही एकदम.

पावसानंतरचं ऊन होतं. आंब्यावरून थेंब पडत होते. ट्रकचा एक हॉर्न लांबून आला आणि गेला. सिस्टरांनी दोन्ही हात एकदम सोडले, चटका बसल्यासारखे.

"काय झालं?"

"काही नाही." त्या उठल्या. "माझं वय झालं आता, ठोके मोजताना चुकतं माझं."

"सिस्टर, खरं सांगा."

फाटकाशी जाऊन त्यांनी कडी काढली. मग मला म्हणाल्या, "नवल, तिला हजर व्हायचं आहे ना? त्या दिवसाची वाट बघू नकोस. आधीच घेऊन जा." झेंडूची रोपं खाटेजवळच राहिली. न्यायला त्या परत आल्या नाहीत.

४

भाद्रपद संपत आला तेव्हा रिनाची वेणी गेली.

सकाळी पाणी द्यायला गेलो तर मानेपाशी कापलेले केस. आखूड, वेडेवाकडे. कंबरेपर्यंतची वेणी होती तिची, आमच्या सख्ख्या मायसारखी. मी तिला विचारलं, तर ती माझ्याकडे बघत राहिली, कोणीतरी फार लांबून हाक मारावी तसं.

"उवा व्हयन्या व्हत्या," ती म्हणाली.

वेणी मला खताच्या खड्ड्यात सापडली. खुडलेल्या शेंड्यांच्या ढिगावर, पालापाचोळ्यात. टोकाला लाल रबर तसाच. आदल्याच दिवशी आम्ही माचाणावरच्या रोपांचे शेंडे छाटले होते, त्यांच्याच सोबत टाकली होती.

मी ती तशीच उचलून आबांसमोर नेली. आबा पिशव्या भरत होते.

"हाई काय शे?"

"केस शेतस."

"कोनी कापात?"

"मन्ह्या मावशीनी कापात. मी धरं व्हतं." पिशवीतली माती दाबत म्हणाले, जणू फांदी धरली होती. "आते तू त्यानंबी भांडण कर."

"ती परवा जाई ऱ्हायनी, आबा. नंदुरबारले. तुमले याद शे का?"

"जाई ना. कोन नही म्हनस?" मग पहिल्यांदा त्यांनी वर बघितलं. माझ्या बापाच्या तोंडावर मी लाज शोधली, खरंच शोधली. तिथे काळजी होती, पण ती वेगळ्याच गोष्टीची. "नवल, माय गई तं आपलाकडे कोन ईचाराले यी? तुले ईचारतीन का मले? झाड मरानं पहिले त्याना जीव दुसरीकडे लावना पडस. सगळाच लावतस."

"रिना झाड शे का?"

"ओरडू नको. गिऱ्हाईक शे फाटकवर."

मी आबांना तेव्हा काय काय म्हटलं ते लिहीत नाही. त्यातलं एकही मागे घेणार नाही. पण सगळं बोलून झाल्यावर मला एवढंच कळलं की मी ओरडत असताना आंब्याखालून हसण्याचा आवाज येत होता. रिनाचा गळा होता. हसण्याची तऱ्हा म्हातारीची, शेवटी ठसका लागणारी.

५

हजर व्हायच्या दिवशी आबा झेंडू घेऊन नवापूरच्या बाजाराला गेले. मुद्दाम गेले असं माझं म्हणणं आहे. दुपारचं ऊन असं पडलं होतं की पानं मिटून घेतलेली. मी निळी बॅग खाटेजवळ आणून ठेवली आणि कलमाचा चाकू उघडला.

रिना डोळे मिटून बसली होती. म्हातारीचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडे बघत होती. ओरडली नाही, हात आखडला नाही. त्याचा मी विचार करायला हवा होता.

"रिना. ऊठ. बस येई आते."

मी गुडघ्यावर बसलो आणि सोपट कापायला घेतलं. वाळलेला लेप ढपल्या ढपल्यांनी सुटला. एक पदर गेला, दुसरा गेला. सोपट फक्त बांधायला होतं, असं मी धरून चाललो होतो. ते निघाल्यावर हात सुटायला हवे होते.

सुटले नाहीत.

मी एकदाच बघितलं, नीट बघितलं नाही. दोन हात होते, आणि त्यांच्या मध्ये जिथे फट पाहिजे तिथे फट नव्हती. एक फिकट, फुगीर रेघ तेवढी होती, वर्षाच्या कलमावर असते तशी. त्या रेघेच्या या बाजूची कातडी सुरकुतलेली आणि त्या बाजूची कोवळी, आणि कुठे एक संपून दुसरी सुरू होते ते सांगता येत नव्हतं. मी मनाशी म्हणालो, जखम चिघळून चिकटलीय. शेणाने होतं असं. डॉक्टर सोडवतील. डॉक्टर, टाके, टिटॅनस, हे शब्द मी मोठ्याने बोलत होतो.

"दादा," रिना म्हणाली. डोळे मिटलेलेच. आवाज तिचा, अगदी तिचा. "दादा, नको का—"

पुढचं म्हातारीच्या ओठांनी बंद केलं. म्हणजे म्हातारीने ओठ मिटले, आणि रिनाचं बोलणं थांबलं.

मला राग आला. भीतीपेक्षा मोठा राग होता तो, आबांचा, हेडमास्तरांचा, सगळ्या बसून खाणाऱ्या तोंडांचा. म्हातारीला तोडून टाकायचं, एवढंच दिसत होतं. आणि हाताला एकच सवय होती. लहानपणापासून तिनेच मनगट धरून लावलेली. चाकू जुन्या बाजूला गेला, जोडाच्या खालून, तिरका, एका दमात.

ओल्या काटकीसारखा आवाज झाला. रक्त आलं नाही. पाण्यासारखं काहीतरी आलं आणि कैरीच्या चिकाचा वास सुटला. म्हातारी खाटेवर आडवी झाली, हलकी, पाचोळा पडावा तशी. तिचा चेहरा मी बघितला नाही. तो तिथे होता का, हेही मला सांगता येणार नाही.

रिनाने डोळे उघडले. खाली पडलेलं सोपट उचललं, उजव्या हाताने आणि दातांनी आपल्या डाव्या हातावर गुंडाळलं, घट्ट, सफाईदार गाठ मारली.

"चाल," म्हणाली.

६

ती माझ्यापुढे चालत होती. मी बॅग घेऊन मागे, जवळजवळ पळत. मला रडू येत होतं आणि हसूही. सुटली होती. जे काय होतं ते खाटेवर राहिलं होतं, आबा येऊन बघतील, त्यांची मावशी, त्यांचं त्यांनी निस्तरावं. पायाकडे माझं लक्ष उशिरा गेलं. डावा पाय फरफटत होता. इतके महिने बसून होती, मी म्हटलं, पाय आखडणारच.

हायवे आला. मी करंगळी पुढे केली. ती न बघताच पलीकडे गेली, समोरून ट्रक येत असताना, आपल्यासाठी तो थांबणारच अशा चालीने. तो थांबला.

फाट्यावरच्या चहावाल्याने डब्यात तुळस लावली होती. तिने थांबून दोन मंजिऱ्या चिमटीने तोडल्या. "मंजिरी ठेवू नको रे पोऱ्या, झाड म्हातारं व्हस," त्याला म्हणाली. चहावाला तिच्या बापाच्या वयाचा. तो "हो माय" म्हणाला आणि मग स्वतःच गोंधळून तिच्याकडे बघायला लागला.

नंदुरबारची बस आली. आम्ही बसलो. मी बॅग तिच्या मांडीवर ठेवली.

"हाई कोनी शे?" तिने विचारलं.

"तुन्ही. निळी बॅग. तूच पसंत करेल."

तिने चेनवरून बोट फिरवलं आणि बॅग खाली पायाशी सरकवली. पुढच्या सीटवर कॉलेजच्या दोन पोरी बसल्या होत्या, एकीने हात मागे सीटच्या दांड्यावर टाकलेला. रिना त्या मनगटाकडे बघत होती. तिचा अंगठा स्वतःच्या मांडीवर वर-खाली, वर-खाली फिरत होता.

"खालथूनच कापं ना तू," ती म्हणाली. "बराबर कापं. माले वाटे, तू ईसरी जाशी."

बसमध्ये कोणीतरी फोनवर गाणं लावलं होतं. ते चालूच राहिलं.

आणि मग माझ्या करंगळीला काहीतरी लागलं. सोपट बांधलेला तो डावा हात सीटवरून सरकत आला होता. थंड बोटांनी माझी करंगळी धरली. घट्ट, हायवेवर धरायची तशी, कोणी बघेल म्हणून खाली लपवून. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा खिडकीकडे होता, शांत, त्याला खालचं काही ठाऊक नव्हतं. "रिना," मी पुटपुटलो. बोटांनी दाबलं. दोनदा.

तेव्हा चेहरा वळला. खाली बघितलं. उजवा हात आला, अंगठा आणि तर्जनी जुळवून. माझ्या करंगळीवरून तिने एकेक बोट सोडवलं. बुडाशी चिमटा, मग एक वळसा. कोवळ्या शेंड्याला द्यावा तसा. शेवटचं बोट फार वेळ सुटलं नाही.

"फुटवा," ती म्हणाली. "खुडत ऱ्हानं पडस."

चाकू माझ्या खिशात होता. पण कुठून कापायचं, ते मला एकाच जागी शिकवलेलं आहे. मी करंगळी परत पुढे केली आणि त्या हाताजवळ ठेवली. नंदुरबार येईपर्यंत तशीच ठेवली. तिचीही उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर जुळलेली होती, तयार.